परदेशातील मांसबाजार : पाकीट वाचा, मग पैसे मोजा

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता फक्त मुंबई-पुण्यालाच पोटापाण्यासाठी जातात असे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा दुबईत क्रेनवर आहे, कुणाचा भाचा कतारमध्ये वायरमन आहे, कुणाची मुलगी लंडनच्या इस्पितळात परिचारिका आहे, तर कुणी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात शिकत आहे. या मुलांचा पहिला महिना पाव, अंडी आणि डाळभातावर निघतो. मग घरच्या रश्श्याची आठवण येते आणि ती मांसाच्या दुकानात जातात. तिथे काचेच्या कपाटात तीस-चाळीस प्रकारची पाकिटे मांडलेली असतात. प्रत्येकावर वेगळे नाव, वेगळा भाव, वेगळा शिक्का. मुले फोटो काढून आईला पाठवतात आणि विचारतात, "आई, यातले कोणते घेऊ?" आईला मांस कळते, पाकिटावरची इंग्रजी कळत नाही. मुलाला इंग्रजी कळते, मांस कळत नाही. या दोघांच्या मधला दुवा म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो. मांस खावे की खाऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांनी सोडले त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. जे खातात त्यांनी कष्टाचा पैसा डोळसपणे खर्च करावा आणि आजारी पडू नये, एवढाच आमचा हेतू आहे.

इथले मांस आणि तिथले मांस

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आली आणि मार्च २०१५ पासून बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हैस त्या बंदीत नाही. म्हणजे आज विशी-पंचविशीत असलेल्या आपल्या मुलांनी 'मोठ्याचे' म्हणून जे खाल्ले, ते बहुतेक म्हशीचेच आहे. परदेशात, विशेषतः युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियात, बीफ म्हणून मिळते ते गाय-बैलाच्या जातीचे. हा पहिला फरक.

म्हशीचे मांस गडद, जवळजवळ काळपट लाल असते आणि तिची चरबी पांढरीशुभ्र दिसते. बैलाचे मांस त्याहून उजळ लाल आणि चरबी सायीच्या रंगाची असते. जनावर गवतावर वाढलेले असेल तर चरबी पिवळसर दिसते. 'पिवळी चरबी म्हणजे म्हातारे जनावर' असे आपल्याकडचे जुने लोक सांगतात. वय वाढल्यावर चरबी पिवळी होते हे खरे आहे; परंतु चरईवरच्या तरुण जनावराचीही ती पिवळी असते. त्यामुळे नुसत्या रंगावरून पाकीट परत ठेवू नये.

दुसरा फरक वयाचा. आपल्याकडे दुधाची वर्षे संपलेली म्हैस खाटकाकडे जाते. तिकडे मांसासाठीच वाढवलेले जनावर साधारण दीड ते अडीच वर्षांचे असताना कापतात. तिसरा फरक म्हणजे मुरवणीचा. आपण सकाळी कापलेले दुपारी शिजवतो. तिकडे धड थंड खोलीत टांगून, किंवा मांस हवाबंद पिशवीत घालून, आठवडा ते तीन-चार आठवडे ठेवतात. या काळात मांसातील पाचके तंतू सैल करतात आणि मांस मऊ होते.

या तिन्ही गोष्टींमुळे आईने सांगितलेल्या शिट्ट्या तिथे चुकतात. घरच्या हिशेबाने शिजवायला गेले की मऊ भागाचा चोथा होतो. म्हणून कोणता भाग आणला, हे कळणे गरजेचे आहे.

जनावराचा नकाशा

नावे पाठ करण्याआधी एक नियम समजून घ्यावा. जो अवयव जास्त काम करतो, तो चिवट आणि चवदार. जो कमी काम करतो, तो मऊ आणि महाग. जनावर चार पायांवर उभे राहते, मान खाली-वर करते, चालते. त्यामुळे मान, खांदा, छाती आणि पाय हे कष्टकरी भाग. पाठीचा मधला पट्टा फारसे काम करत नाही. म्हणून तो सर्वांत मऊ.

कष्टकरी भागात तंतूंना बांधून ठेवणारे चिकट पडदे पुष्कळ असतात. झटपट भाजले तर ते रबरासारखे चिवट होतात. पाण्यात मंद आचेवर दोन-तीन तास शिजले की ते विरघळतात आणि रस्सा दाट होतो. पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो, तो याच कारणाने. तव्यावर पाच मिनिटांत भाजून खाणाऱ्या साहेबाला म्हणून पाठीचा भाग लागतो आणि तो त्याची किंमत मोजतो. आपल्याला मात्र रस्सा करायचा असतो, आणि रश्श्याला लागणारा भाग दुकानात सर्वांत स्वस्त असतो. ही गोष्ट ज्याला कळली त्याचे निम्मे पैसे वाचले.

आता पुढून मागे जाऊ.

मान आणि खांदा म्हणजे चक. रश्श्यासाठी सर्वांत भरवशाचा भाग. मांस, थोडी चरबी आणि थोडे पडदे असे मिश्रण असल्याने कोरडा पडत नाही. इंग्लंडमध्ये तो ब्रेझिंग स्टेक किंवा स्ट्यूइंग स्टेक या नावानेही मिळतो.

छाती, म्हणजे आपला सीना, तो ब्रिस्केट. चरबीचा थर जाड, तंतू लांब. फार सावकाश शिजवावा लागतो, पण चव उत्तम.

पायाची नडगी म्हणजे इंग्लंडमध्ये शिन, अमेरिकेत शँक. नल्लीसह मिळाली तर रश्श्याचे सोने होते. सर्वांत चिवट आणि बहुधा सर्वांत स्वस्त.

बरगडीवरची पाठ म्हणजे रिब आणि तिच्यामागचा कमरेचा पट्टा म्हणजे लॉइन. त्याच्या आतल्या बाजूला असतो तो लांबट गोळा म्हणजे मुंबईच्या खाटकाचा 'अंडरकट'. इंग्लंडमध्ये त्याला फिलेट आणि अमेरिकेत टेंडरलॉइन म्हणतात. हे सर्व भाग महाग आणि रश्श्यासाठी निरुपयोगी. पोरांनी एखाद्या दिवशी हौसेने तव्यावर भाजून खावेत, पण कुकरात घालू नयेत.

पोटाखालचा भाग म्हणजे प्लेट आणि फ्लँक. पातळ, लांब तंतूंचा. आडवा बारीक कापून सुके परतण्यास चांगला.

मागची मांडी म्हणजे अमेरिकेत राउंड. इंग्लंडमध्ये तिचेच टॉपसाइड आणि सिल्व्हरसाइड असे भाग करतात. चरबी फार कमी. रश्श्यात घातली तर मांस सुके लागते. खिम्याला आणि वाळवणाला बरी.

शेपटी म्हणजे ऑक्स्टेल. एकेकाळी कुणी विचारत नसे, आता इंग्लंड-अमेरिकेत तिचा भाव चढला आहे.

नावांचा घोळ

एकच नाव दोन देशांत दोन भागांना असते, इथे पुष्कळांची गल्लत होते. इंग्लंडमध्ये सरलॉइन म्हणतात तो कमरेचा मऊ पट्टा. अमेरिकेत तोच पट्टा स्ट्रिप या नावाने विकतात, आणि अमेरिकेतील सरलॉइन म्हणजे जवळपास इंग्लंडचा रम्प, म्हणजे त्याच्या मागचा थोडा चिवट भाग. ऑस्ट्रेलियात बरगडीवरच्या बिनहाडाच्या पाठीला स्कॉच फिलेट म्हणतात. तिचा इंग्लंडच्या फिलेटशी संबंध नाही. तिथेच बिनहाडाच्या नडगीला 'ग्रेव्ही बीफ' असे नाव आहे. नावात ग्रेव्ही असली तरी पाकिटात मसाला नसतो; रश्श्याचे मांस एवढाच त्याचा अर्थ.

खिम्याला इंग्लंड व ऑस्ट्रेलियात मिन्स आणि अमेरिकेत ग्राउंड बीफ म्हणतात. कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो. 'कॉर्न' म्हणजे मिठाचे खडे. ते खारवलेले मांस आहे, रक्तदाब असणाऱ्यांनी जपून खावे. व्हील म्हणजे वासराचे मांस; ते फिकट, मऊ आणि महाग असते, त्यात आपल्या मसाल्याला साजेशी चव नसते. अमेरिकेत 'लंडन ब्रॉइल' नावाचे पाकीट दिसते. तो भाग नसून शिजवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. आत बहुधा मांडीचा नाहीतर फ्लँकचा तुकडा असतो.

'स्ट्यू मीट' म्हणून कापलेल्या तुकड्यांचे पाकीटही मिळते. त्यात निरनिराळ्या भागांचे उरलेले तुकडे एकत्र असू शकतात. काही लवकर शिजतात, काही दाताखाली चिवट राहतात. त्यापेक्षा चकचा अखंड तुकडा आणून घरी कापावा. कापताना तंतू कोणत्या दिशेने जातात ते पाहून त्यांच्यावर आडवी सुरी चालवावी. चिवट मांसही मऊ लागते.

दर्जा म्हणजे काय

अमेरिकेत दोन शिक्के असतात आणि दोन्हींचे काम वेगळे. पहिला तपासणीचा. जनावर निरोगी होते आणि मांस खाण्यास योग्य आहे, हे सरकारी निरीक्षकाने पाहिले याची ती खूण. १९०६ च्या कायद्यापासून ही तपासणी सक्तीची आहे. दुसरा शिक्का ढालीच्या आकाराचा, तो प्रतीचा. हा ऐच्छिक असून कत्तलखाना स्वतः पैसे भरून तो लावून घेतो.

प्रत ठरवताना बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये काप देऊन मांसात चरबी किती विखुरली आहे ते पाहतात. संगमरवरात जशा पांढऱ्या रेषा असतात तशी ही चरबी दिसते. जनावराचे वयही विचारात घेतात. भरपूर रेषा असतील तर प्राइम, त्याखाली चॉइस, त्याखाली सिलेक्ट. एकूण आठ प्रती आहेत. खालच्या प्रतींचे मांस बहुतेक खिम्यात आणि डबाबंद मालात जाते.

या प्रती आरोग्याच्या नाहीत, भाजल्यावर मांस किती मऊ आणि रसाळ लागेल याच्या आहेत. सिलेक्ट म्हणजे खराब माल असे मुळीच नाही. रश्श्यासाठी चकचा सिलेक्ट किंवा प्रत न लावलेला तुकडाही चालतो. प्राइमचा जादा पैसा रश्श्यात वाया जातो. 'अँगस' असे ठळक छापलेले दिसते, ती जनावराची जात आहे, प्रत नव्हे.

इंग्लंडमध्ये गिऱ्हाइकासाठी अशा सरकारी प्रती नाहीत. मात्र बीफच्या पाकिटावर जनावर कुठे जन्मले, कुठे वाढले आणि कुठे कापले हे लिहिणे बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात 'एमएसए' अशी खूण असते. ती भाग आणि शिजवण्याची पद्धत दोन्ही पाहून दिलेली असते. म्हणजे हा तुकडा भाजण्याचा की मंद शिजवण्याचा, हे पाकीटच सांगते. नवख्या माणसाला ही पद्धत सर्वांत सोयीची. जपानमध्ये ए-५ ही सर्वांत वरची प्रत. तिच्यात चरबी इतकी असते की आपल्या मसाल्यात ते मांस तुपासारखे विरघळून जाईल. तिथल्या आपल्या मुलांनी आयात केलेले ऑस्ट्रेलियाचे साधे मांस घ्यावे, ते उत्तम.

आखातात

आखाती देशांत आपले सर्वाधिक कामगार बंधू आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तिथल्या दुकानात मांसावर देशाचे नाव असते : भारत, पाकिस्तान, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. भारतातून गाय-बैलाच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. जाते ते म्हशीचे, तेही हाडाशिवाय आणि बहुतेक गोठवलेले. तेव्हा 'इंडियन बीफ' अशी पाटी असली तरी आत म्हैसच आहे हे समजावे. त्यात वाईट काही नाही. चव घरची, चरबी कमी आणि भाव परवडणारा. शिजायला मात्र ब्राझील-ऑस्ट्रेलियाच्या मांसापेक्षा अधिक वेळ द्यावा.

गोठवलेल्या पाकिटात बर्फाचे जाड खडे साचलेले असतील किंवा तळाशी गोठलेला लाल बर्फ असेल, तर ते एकदा वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता आहे. असे पाकीट घेऊ नये. मांसाची खरेदी सर्वांत शेवटी करावी आणि जाड थंड पिशवीतून न्यावे. उन्हाळ्यात बाहेरचे तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर मांस एका तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये; एरवी दोन तासांची मर्यादा. कॅम्पातील मुले मांस सकाळी उघड्यावर काढून ठेवतात आणि कामावरून आल्यावर शिजवतात. हे घातक आहे. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावे. संध्याकाळपर्यंत ते सुरक्षितपणे सुटते.

थोडा हिशेब

आम्ही बी.कॉम. असल्याने हिशेबाशिवाय आमचे समाधान होत नाही. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. पद्धत लक्षात ठेवावी.

समजा, इंग्लंडमध्ये हाडासह नडगी ७ पौंड किलो आणि बिनहाडाची ९ पौंड किलो आहे. हाडासह स्वस्त वाटते. पण किलोमध्ये ३०० ग्रॅम हाड निघाले तर मांस ७०० ग्रॅमच मिळाले. सातला ०.७ ने भागले की मांसाचा खरा भाव १० पौंड पडला. म्हणजे मांस हवे तर बिनहाडाचे स्वस्त. नल्लीचा रस्सा हवा असेल तर मात्र हाडाचे पैसे वसूल होतात.

दुसरे उदाहरण खिम्याचे. समजा, २० टक्के चरबीचा खिमा ६ पौंड किलो आणि ५ टक्के चरबीचा ८ पौंड. सहाला ०.८ ने भागले की ७.५० आणि आठला ०.९५ ने भागले की सुमारे ८.४०. म्हणजे चरबीचा खिमा आणून वर आलेले तेल काढून टाकले तरी तो स्वस्तच पडला. अमेरिकेत हेच ८०/२० किंवा ९०/१० असे लिहितात. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा.

अमेरिकेत भाव पौंड वजनावर असतो. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोहून कमी. 'स्वस्त आहे' म्हणण्याआधी भावाला २.२ ने गुणावे, म्हणजे किलोचा भाव कळतो. आणि शक्यतो रुपयांत बदलून पाहू नये. त्यापेक्षा आपल्या किती मिनिटांच्या मजुरीत हे पाकीट येते ते पाहावे. परदेशातला खर्च मोजण्याचे ते खरे माप.

रंग, वास आणि तारीख

हवाबंद पिशवीतले मांस जांभळट दिसते. ते खराब नसते. त्याला हवा लागलेली नसते. पिशवी उघडल्यावर थोड्या वेळात ते लाल होते. लाल मांस दोन-तीन दिवसांनी वरून तपकिरी होऊ लागते. तेवढ्याने ते नासले असे होत नाही. बोटाला बुळबुळीत लागले, आंबूस वास आला, पाकीट फुगले, तर मात्र फेकून द्यावे. ट्रेमध्ये साचलेले लाल पाणी रक्त नसते. मांसातील पाणी आणि त्याचे रंगद्रव्य असते. ते पाहून मांस पाच पाण्यांनी धुण्याची आपली सवय तिथे सोडावी. नळाखाली धुताना शिंतोडे भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू पसरतात. फार तर कागदाने टिपून घ्यावे.

इंग्लंडमध्ये 'यूज बाय' ही तारीख सुरक्षिततेची, ती ओलांडू नये. 'बेस्ट बिफोर' ही चवीची. अमेरिकेत 'सेल बाय' लिहिलेले असते, ती दुकानदारासाठी असते. इंग्लंडमध्ये संध्याकाळी तारीख संपत आलेल्या पाकिटांवर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवतात. तो माल घेण्यात कमीपणा नाही. त्याच दिवशी शिजवावा किंवा गोठवावा. फ्रिजमध्ये खिमा दोन दिवस आणि तुकडे तीन ते पाच दिवस ठेवता येतात. शिजवलेले कालवण तीन-चार दिवसांत संपवावे.

खिम्याला विशेष जपा

मांसावरचे जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात. अखंड तुकडा भाजला की ते जळतात. खिमा करताना मात्र वरचे जंतू आत मिसळतात, शिवाय एका पाकिटात अनेक जनावरांचे मांस असू शकते. १९९३ साली अमेरिकेत एका मोठ्या हॉटेल-साखळीतील अर्धकच्चे हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. ई. कोलाय ओ१५७ हा जंतू त्याला कारण होता. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने हा जंतू असलेला खिमा विकण्यास अयोग्य ठरवला.

म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजला पाहिजे. आपल्या पद्धतीने उकळी येऊन शिजलेला खिमा याच्या वरच जातो. धोका आहे तो मित्रांबरोबर बाहेर बर्गर खाताना. आतून गुलाबी दिसला तर परत करावा, लाजू नये. पण नुसत्या तपकिरी रंगावरही विसंबू नये, कारण काही खिमा पूर्ण शिजण्याआधीच तपकिरी होतो. घरी टिक्की करणाऱ्यांनी स्वस्तातला मांस-थर्मामीटर घेऊन ठेवावा. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर भगिनी यांच्या बाबतीत तर हयगय नकोच.

वजडी, पाया आणि जीभ

मोठ्या दुकानात वजडी दिसली नाही म्हणून ती त्या देशात नाही असे समजू नये. अमेरिकेत मेक्सिकन लोकांच्या दुकानात जावे. त्यांचा मेनुदो हा वजडीचाच रस्सा आहे. जीभ आणि गालाचे मांसही ते आवडीने खातात. इंग्लंडमध्ये जमैकन, आफ्रिकन आणि बांगलादेशी दुकानांत पाया, वजडी, शेपटी मिळते. तुर्कांचे पायाचे सूप तर आपल्या पायाच्या रश्श्याचे सख्खे भावंड आहे.

भेजा आणि फुप्फुस मात्र शोधू नये. इंग्लंडमध्ये गुरांना 'मॅड काऊ' रोग झाला होता आणि त्याचा माणसांच्या मेंदूच्या आजाराशी संबंध असल्याचे तिथल्या सरकारने मार्च १९९६ मध्ये सांगितले. गुरांचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातील दोर यांवर तिथे कडक नियम आहेत. एक वर्षावरील जनावराचे हे भाग तिथे खाण्यासाठी विकता येत नाहीत. अमेरिकेत १९७१ पासून फुप्फुस माणसांच्या खाण्यासाठी विकण्यास मनाई आहे.

चान्यांची पिशवी

आई प्रेमाने चान्यांची पुरचुंडी बॅगेत घालते. तसे करू नये. भारतात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग असल्याने अमेरिका, ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथून मांस आणू देत नाहीत. विमानतळावर ते जप्त होते आणि ऑस्ट्रेलियात लपवून नेले तर जबर दंड होतो. येताना तिकडचे मांसही आणू नये. भारतात गोमांसाच्या आयातीला बंदी आहे. बॅगेत काळा मसाला आणि येसूर द्यावा. मांस तिथे मिळते, येसूर मिळत नाही.

चान्या खायच्याच असतील तर दक्षिण आफ्रिकेच्या लोकांची बिल्टाँग आणि अमेरिकेची जर्की त्याच जातीची आहे. ती मांडीच्या बिनचरबीच्या मांसाची करतात, कारण चरबी खवट होते. आपल्या कडक उन्हासारखे ऊन तिथे नसते. घरी वाळवायचे तर मांस आधी ७१ अंशांपर्यंत गरम करून मग यंत्रात वाळवावे; खिडकीत दोरीवर टांगू नये.

एका खोलीत राहताना

सर्वांत अवघड प्रश्न दुकानातला नाही, खोलीतला आहे. परदेशात आपली मुले चार-पाच भारतीयांबरोबर भाड्याने राहतात. तिथे कुणी विचारतो, "तुम्ही हे खाता?" या प्रश्नाच्या आड कोणता प्रश्न असतो, ते आपल्या लोकांना सांगण्याची गरज नाही. काही मुले भीतीने खोटे बोलतात, काही बाहेर जाऊन गुपचूप खातात.

आमचा सल्ला असा की, खोली घेतानाच स्पष्ट बोलावे. फ्रिजचा एक कप्पा, एक पातेले, एक सुरी वेगळी ठेवावी; कच्चे मांस झाकणाच्या डब्यात सर्वांत खाली ठेवावे. आरोग्याच्या दृष्टीनेही तीच योग्य जागा आहे, कारण वरून काही गळत नाही. दुसऱ्याच्या ताटाचा मान राखावा आणि आपल्या ताटाचाही. चिडवण्यासाठी दाखवू नये, लाजेने लपवू नये. जिथे हे जमणार नाही तिथे दुसरी खोली पाहावी.

शेवटी एवढेच

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या पूर्वजांना मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. त्या मांसात निवड नव्हती. गावाने फेकलेले उचलायचे, ते कधी मेले, कोणत्या रोगाने मेले हे विचारायचे नाही, असा तो व्यवहार होता. बाबासाहेबांचे ऐकून आपल्या आज्या-पणज्यांनी उपास काढले, पण ते सोडले.

त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज लंडन-दुबईच्या दुकानात स्वतःच्या कमाईचे पैसे घेऊन उभी आहेत. तिथे काउंटरवरच्या माणसाला विचारता येते : हे कोणत्या भागाचे, कुठले, कधी कापले? तो उत्तर देतो, कारण ते त्याचे कामच आहे. हा विचारण्याचा हक्क आपल्या मुलांनी पुरेपूर वापरावा. पाकीट उलटून पाहावे, तारीख वाचावी, किलोचा भाव काढावा, मगच पैसे द्यावेत.

माता-भगिनींना विनंती की, हे पान कापून ठेवावे किंवा याचा फोटो काढून परदेशातील मुलांना पाठवावा. रश्श्याला चक, नल्लीला शिन, खिमा पूर्ण शिजलेला, एवढे तीन शब्द लक्षात राहिले तरी पहिल्या महिन्याची नासाडी टळेल. वाचलेले चार पैसे पुस्तकाला, नाहीतर घरी पाठवायला कामी येतील.

जयभीम!